बंदर बंद पडलं तर?

हैदराबादला समुद्र नाही. नावात सागर असलेला हुसेनसागर आहे, आणि पाहुणे आले की बुद्धाच्या पुतळ्यापर्यंतची छोटीशी बोटफेरी हीच आपली समुद्रसफर. तरीही भारताच्या किनाऱ्याला त्सुनामीचा इशारा द्यायची वेळ आली, तर तो आपल्याच शहरातून निघतो. निजामपेटला लागून असलेल्या प्रगतीनगरात ‘इन्कॉइस’ म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आहे. आपल्यापैकी कितीतरी जण रोज त्याच भागातून हायटेक सिटीच्या गर्दीत शिरतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी आपल्या देशाकडे अशी यंत्रणाच नव्हती. ती ऑक्टोबर २००७ मध्ये इथे उभी राहिली.

तिचं काम साधारण असं चालतं. समुद्राखाली मोठा भूकंप झाला की भूकंपमापकांकडून त्याची जागा, खोली आणि तीव्रता कळते. कुठे किती मोठा धक्का बसला तर लाट कुठे, कधी, किती उंच पोचेल याची हजारो गणितं आधीच करून ठेवलेली असतात, त्यातलं जुळणारं गणित काढलं जातं. सुमारे दहा मिनिटांत पहिली सूचना निघते. मग समुद्रतळावरचे दाबमापक आणि किनाऱ्यावरचे भरतीमापक खरोखर लाट आली की नाही ते सांगतात आणि त्यानुसार इशारा वाढवतात किंवा मागे घेतात. ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राजवळ ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला, पण जमीन आडवी सरकल्यामुळे मोठी लाट उठली नाही. विनाकारण सगळा किनारा रिकामा न करणं हेही या यंत्रणेचंच काम असतं.

पण ही झाली पहिली दहा मिनिटं. इशारा बंदरात पोचला, पुढे काय? तिथे हजारो टन माल, धक्क्याला बांधलेली जहाजं, तेलाच्या टाक्या, शेकडो ट्रक आणि दोन पाळ्यांमधली माणसं असतात. कोण काय करतं? हा प्रश्न मला पडायचं कारण माझ्या नोकरीत आहे. सर्व्हर कोसळले तर सेवा पुन्हा कशी उभी करायची, याचा आराखडा करणं आणि त्याची तालीम घेणं हे माझं काम. त्यात दोन आकडे ठरवावे लागतात: किती वेळ बंद राहिलेलं चालेल, आणि किती माहिती गेली तरी चालेल. पहिल्या आकड्याला आम्ही ‘आरटीओ’ म्हणतो. लायसन्सवाल्या आरटीओचा इथे संबंध नाही, मनस्ताप मात्र तेवढाच होतो. बंदरांच्या आपत्तींबद्दल वाचायला लागलो तेव्हा जाणवलं की दोन्ही आकडे कागदावर असूनही घात होतो, कारण तिसरी एक गोष्ट ठरलेली नसते. ती म्हणजे निर्णय कोणाचा.

त्यासाठी मुंबईला, १४ एप्रिल १९४४ च्या शुक्रवारी जावं लागेल.

व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज १२ एप्रिलला लागलं होतं. इंग्लंडहून कराचीमार्गे आलेल्या या जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा होता. लढाऊ विमानं होती, सोन्याच्या १२४ विटा होत्या. सोन्याची गोष्ट बहुतेकांनी कुठेतरी ऐकलेली असते, व्हॉट्सअॅपवर दर एप्रिलमध्ये फिरतेही. पण गोष्टीचा खरा नायक, किंवा खलनायक, कापूस आहे. कराचीत जहाजावर कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी चढवल्या गेल्या, शिवाय लाकूड, गंधक आणि वंगणाचं तेल. कापूस आणि स्फोटकं शेजारी ठेवू नयेत हे तेव्हाही ठाऊक होतं. पण युद्धामुळे जहाजांचा तुटवडा होता, मिळेल त्या जहाजात मिळेल तो माल भरला जात होता. ‘या वेळेपुरतं चालवून घेऊ’ हे वाक्य आमच्या धंद्यातही फार ऐकू येतं, आणि ते ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

दुपारी दोनच्या सुमारास क्रमांक दोनच्या मालाच्या कप्प्यातून धूर येतोय हे कामगारांच्या लक्षात आलं. स्फोटकं असलेल्या जहाजाने लाल निशाण लावायचं असतं, ते या जहाजावर नव्हतं. आजूबाजूच्या जहाजांना आणि धक्क्यावरच्या लोकांना शेजारी काय उभं आहे याची कल्पना नव्हती. त्या दिवसाच्या वर्णनांत एक प्रसंग येतो. ‘स्फोटकांच्या जहाजाला आग’ हा खास निरोप देण्यासाठी ज्या माणसाला फोनकडे पाठवलं, त्याला सापडलेल्या फोनला डायलच नव्हती. त्याने शेजारच्या आगीच्या घंटेची काच फोडली. नियंत्रण कक्षाला ती नेहमीची वर्दी वाटली आणि नेहमीसारखे दोनच बंब निघाले. खरं काय ते कळल्यावर पुढचे बंब आले, पण वेळ गेला तो गेलाच.

पुढच्या दोन तासांत जहाजावर जे घडलं ते मला आगीपेक्षाही भयानक वाटतं. दारूगोळ्याच्या जाणकार अधिकाऱ्याचं मत होतं की जहाज जागेवरच बुडवावं. गोदीच्या अधिकाऱ्याला वाटत होतं की ते ओढून बाहेर समुद्रात न्यावं. अग्निशमन दलाला वाटत होतं की पाणी मारत राहिलं तर आग आटोक्यात येईल. तिघांच्या बोलण्यात तथ्य होतं. पण तिघांपैकी एकाचं ऐका आणि आत्ता करा, असं सांगण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हे कोणीच आधी ठरवलेलं नव्हतं. दरम्यान पाणी मारणं चालू राहिलं, सुमारे ९०० टन. कापूस तरंगतो. जळत्या गाठी पाण्यावर चढून वरच्या स्फोटकांजवळ गेल्या.

चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. दूरच्या सिमल्यातल्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. ‘जलापद्मा’ नावाचं अख्खं जहाज उचललं जाऊन धक्क्यावर आदळलं. गोदीलगतच्या मांडवी, मशीद बंदर भागात जळता कापूस पावसासारखा पडला आणि आग वस्तीत शिरली. बंदरसेवेतली, अग्निशमन दलाची आणि गोदीच्या नोकरीतली अशी २३१ माणसं गेली, त्यांत ६६ अग्निशामक होते. नागरिक धरून मृतांचा आकडा ८०० ते १,३०० च्या दरम्यान सांगितला जातो. गोदीत किती रोजंदारी हमाल होते याची यादीच नव्हती, म्हणून आकडा असा सैल राहिला असावा, असं मला वाटतं. ५०,००० टनांहून जास्त धान्य जळालं, तेही बंगालच्या दुष्काळाच्या पाठोपाठ. आपल्या देशात १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, तो यांच्याच आठवणीत. आपल्याकडे त्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी असते, त्यामुळे दुसरी आठवण मागे पडते.

आता सावरण्याबद्दल. आग विझायला तीन दिवस लागले. त्यानंतर ८,००० माणसं सात महिने राबली, सुमारे पाच लाख टन राडारोडा हलवला, तेव्हा गोदी कामाला लागली. युद्धाची घाई होती म्हणून एवढ्यात झालं. माहितीचं मात्र उलटं झालं. सेन्सॉरने बातमी दाबली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी तपशीलवार वर्णन दिलं, आणि इथल्या वार्ताहरांना मजकूर पाठवायची परवानगी मिळायला मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला. मुंबईत ज्यांचं माणूस गोदीत कामाला होतं त्यांनी ते दिवस कसे काढले असतील? अफवा थांबवण्यासाठी खरी बातमी दाबायची, हा प्रकार अजून संपलेला नाही.

आज समुद्रमार्गे जाणाऱ्या धोकादायक मालासाठी आंतरराष्ट्रीय संहिता आहे. नऊ वर्ग ठरलेले आहेत, कोणता वर्ग कोणत्या वर्गापासून किती दूर ठेवायचा याचा तक्ता आहे. कंटेनरवर टोकावर उभ्या चौकोनाची जी चित्रं असतात, ज्वाळा, कवटी, फुटणारा गोळा, ती हीच. आउटर रिंग रोडवर टँकरच्या मागे मुलांना दाखवा, ती लगेच ओळखायला शिकतात. पण तक्ता असणं वेगळं आणि पाळणं वेगळं. ४ ऑगस्ट २०२० ला बैरूतच्या बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेट फुटलं. कित्येक वर्षं ते गोदामात पडून होतं, अधिकाऱ्यांच्या पत्रांतून फिरत होतं. आग विझवायला गेलेल्या दहा जणांच्या तुकडीला आत काय आहे ते कोणी सांगितलंच नाही. दहाही जण गेले. १९४४ आणि २०२० मध्ये शहाहत्तर वर्षांचं अंतर आहे, हे विसरायला होतं.

या गोष्टीची शेपटी आपल्या गावापर्यंत येते. बैरूतनंतर सगळीकडे शोधाशोध झाली, तेव्हा चेन्नईत कस्टम्सने २०१५ मध्ये जप्त केलेलं सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट मनालीच्या कंटेनर डेपोत पडून असल्याचं चर्चेत आलं. त्याचा लिलाव झाला आणि माल रस्त्याने निघाला, हैदराबादच्या एका कंपनीकडे. पाच वर्षं जे हलत नव्हतं ते काही दिवसांत हललं. म्हणजे अडचण ट्रकची नव्हती.

आता माझ्या गल्लीत येतो. २७ जून २०१७. युक्रेनमधल्या एका कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा विषाणू सुटला आणि काही तासांत मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर काळे पडले. न्हावाशेवाला, म्हणजे जवाहरलाल नेहरू बंदरात, मर्स्कच्याच समूहाचं ‘गेटवे टर्मिनल्स’ आहे, तेव्हा वर्षाला १८ लाख कंटेनर हाताळण्याची क्षमता असलेलं. तेही थांबलं. क्रेन धड होत्या, धक्का धड होता, समुद्र शांत होता. फक्त कोणता डबा कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

हे नीट समजायचं तर दिवाळीच्या फराळाचे डबे डोळ्यांसमोर आणा. सगळे एकाच आकाराचे स्टीलचे डबे, चार-चार एकावर एक, आणि एका रात्रीत सगळी लेबलं गळून पडली. फक्त डबे वीस नाहीत, हजारो आहेत. काहींत औषधं आहेत ज्यांना विजेची जोडणी लागते, काही असे की इतरांजवळ ठेवायचे नाहीत, आणि प्रत्येकाची बोट वेगळी. आपल्या सनतनगरच्या कोरड्या बंदरातून रेल्वेने न्हावाशेवाला गेलेला कंटेनरही त्यातच कुठेतरी असू शकतो. ट्रकच्या रांगा लागल्या, त्यांना उभं करायला बंदराने जागा काढून दिली, काही जहाजं शेजारच्या टर्मिनलकडे वळवली, आणि टर्मिनलच्या लोकांनी कागद-पेनावर काम सुरू केलं.

मर्स्क सावरली कशी, ही आमच्या क्षेत्रातली आख्यायिका आहे, पण खरी. कंपनीच्या सगळ्या संगणकांची ओळखपाळख ठेवणारे जवळपास दीडशे सर्व्हर जगभर होते आणि ते एकमेकांचे बॅकअप होते. सगळे एकदमच गेले तर, हा विचार कोणी केला नव्हता. घानामध्ये मात्र हल्ल्याच्या वेळी वीज गेलेली होती, म्हणून तिथला एक सर्व्हर वाचला. वीज जाण्याचे फायदे सांगणारं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण. तिथलं इंटरनेट इतकं मंद की माहिती इंग्लंडला पाठवायला दिवस लागले असते. तिथल्या कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग एक जण विमानाने नायजेरियात गेला, विमानतळावर हार्ड डिस्क दुसऱ्याच्या हातात दिली आणि ती लंडनला पोचली. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. त्या दहा दिवसांत कंपनीच्या मालाची वाहतूक फक्त वीस टक्क्यांनी घटली, कारण बाकीचं माणसांनी हाताने, फोनवर, व्हॉट्सअॅपवर ओढलं. तरीही नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचं होतं.

पाच वर्षांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, न्हावाशेवाच्याच दुसऱ्या एका टर्मिनलवर खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला आणि पुन्हा जहाजं वळवावी लागली. वळवायला शेजारी जागा होती म्हणून निभावलं. ७ ऑगस्ट २०१० ला ती सोयही नव्हती. ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं मुंबईजवळ धडकली, चित्रा कलंडलं, सुमारे ३०० कंटेनर समुद्रात पडले, तेल पसरलं, रायगडच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांची मासळी कोणी घेईना. मुंबई बंदर आणि न्हावाशेवा यांचा समुद्रातला रस्ता एकच आहे. तो तरंगत्या डब्यांनी अडला आणि दोन्ही बंदरं काही दिवस बंद पडली. दोन बंदरं आहेत म्हणजे एकाला दुसऱ्याचा आधार आहे, हा समज त्या आठवड्यात गेला.

वादळांच्या बाबतीत आपली बंदरं जास्त सरावलेली आहेत. एक ते अकरा असे बावट्यांचे क्रमांक असतात, दिवसा शंकू आणि नळकांडी चढवतात, रात्री दिवे. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद विशाखापट्टणमवर आदळलं तेव्हा दहा नंबरचा बावटा लागलेला होता. हे आपल्याला जवळचं, कारण तेव्हा आपल्यापैकी अनेकांचे तेलुगू सहकारी दोन-दोन दिवस घरच्यांना फोन लावत बसले होते. वादळात जहाजाला बंदर सुरक्षित वाटेल असं आपल्याला वाटतं, पण धक्क्याला बांधलेलं जहाज धक्क्यावरच आपटतं. म्हणून जहाजं आधीच खोल समुद्रात पाठवतात, क्रेन खुंट्यांनी जखडतात, कंटेनरच्या थप्प्या उतरवतात. या सगळ्याला तास लागतात, म्हणून निर्णय आकाश निरभ्र असताना घ्यावा लागतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाचा इशारा वेळेवर आला होता. तरीही मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा तराफा २६१ माणसांसह जागेवरच राहिला आणि बुडाला. सत्तरहून जास्त माणसं गेली. इशारा ऐकून हलायचं कोणी, कंत्राटदाराने की कप्तानाने की मालकाने? १९४४ मधलाच प्रश्न.

या बावट्यांमधला मला सगळ्यात आवडलेला अकरा नंबरचा. त्याचा अर्थ ‘दहापेक्षा मोठं वादळ’ असा नाही. त्याचा अर्थ: वादळाची सूचना देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला आहे आणि स्थानिक अधिकाऱ्याच्या मते धोका आहे. म्हणजे वरून निरोप येणं बंद झालं, हाच सगळ्यात वरचा इशारा, आणि तेव्हा निर्णय जागेवरच्या माणसाचा. आमच्याकडे दुसऱ्या सर्व्हरचा ‘मी जिवंत आहे’ हा ठोका बंद झाला की आपोआप धोक्याची घंटा वाजते. आम्हाला ते फार आधुनिक वाटतं.

सावरण्याचा खरा अर्थ कळतो तो जपानच्या कोबे बंदराकडे पाहून. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपाआधी ते जगातल्या पहिल्या सहा-सात कंटेनर बंदरांत होतं. धक्के मोडले, क्रेन वाकल्या, आणि सुमारे दोन वर्षांत सगळं नव्यासारखं बांधलंही. पण त्या काळात माल कोरियाच्या बुसानकडे वळला होता, आणि वळलेला बराचसा परतला नाही. दुरुस्तीचा आरटीओ गाठला, पण गिऱ्हाईक तेवढं थांबलं नव्हतं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ होणारं वाढवण बंदर. जून २०२४ मध्ये केंद्राने त्याला मंजुरी दिली, ३० ऑगस्टला पायाभरणी झाली, खर्च ७६,००० कोटींहून जास्त. मच्छीमारांचा विरोध आहे, त्याची बाजू स्वतंत्र लेखाची आहे. माझं म्हणणं छोटं आहे. त्या भागात २०१८ पासून भूकंपाचे छोटे धक्के बसत आहेत, जवळ तारापूरचं अणुवीज केंद्र आहे, आणि नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्यावरच्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती. तेव्हा बंदर किती कंटेनर हाताळेल याइतकीच, ते बंद पडलं तर कोणी काय करायचं याची चर्चा झाली पाहिजे.

तशी चर्चा मागायचा हक्क आहे. धोकादायक रसायनं ठराविक प्रमाणापलीकडे साठवणाऱ्या जागांसाठी १९८९ चे नियम आहेत. कुंपणाच्या आतला आराखडा मालकाने करायचा, त्याची तालीम दर सहा महिन्यांनी. कुंपणाबाहेरचा आराखडा जिल्हा प्रशासनाचा, त्याची तालीम वर्षातून एकदा तरी. आणि बाहेर राहणाऱ्या लोकांना धोका काय आहे आणि दुर्घटना झाली तर काय करायचं, हे आधीच सांगायचं, असं त्याच नियमांत आहे. विशाखापट्टणमला नोकरी करणारे, उरण-पनवेलला घर घेतलेले, डहाणू-बोईसरला आजोळ असलेले आपल्या मंडळींत बरेच आहेत. जिल्हाधिकारी कार्यालयात आपत्ती व्यवस्थापन कक्ष असतो, फोन १०७७. या वर्षीची कुंपणाबाहेरची तालीम कधी झाली आणि निर्णय घेणारा अधिकारी कोण, एवढं विचारा. तालमीची तारीख मिळाली तर गावच्या ग्रुपवर टाका, आणि नाहीच मिळाली तर तेही टाका.